एकाच आडनावाची दोन पाकिटं

मी त्या गावात बसमधून उतरले तेव्हा माझ्या अंगावर पुण्याहून आणलेला एक स्वेटर होता आणि तो पुरेल असं मला खरंच वाटलं होतं. नकाशात त्या भागावर 'वाळवंट' असं छापलेलं होतं. गावातून जाणाऱ्या हमरस्त्याचं नावच डेझर्ट रोड. वाळवंट म्हटलं की ऊन, एवढंच मला माहीत. बसचं दार उघडलं आणि असा वारा आत घुसला की माझे दात वाजायला लागले. ड्रायव्हर माझी बॅग खाली ठेवत म्हणाला, "कोट आत विसरलात का?" कोट नव्हताच. समोर एक पेट्रोल पंप होता, एक डेअरी, म्हणजे तिकडचं कोपऱ्यावरचं वाणसामानाचं दुकान, चहाफराळाची एक टीरूम, आणि त्या सगळ्यांच्या मागे आभाळ अडवून उभा असलेला पांढराशुभ्र डोंगर. वाळवंटात बर्फ. मी तिथेच रस्त्याच्या कडेला उभी राहिले. आपण चुकीच्या जागी उतरलो की काय, असं वाटलं.

ही नव्वदच्या दशकाच्या मध्यावरची गोष्ट. नवरा डॉक्टर, मी फार्मासिस्ट. दोघांनीही पुण्यातल्या चांगल्या चाललेल्या नोकऱ्या सोडल्या होत्या, कारण न्यूझीलंडला डॉक्टर हवेत असं जो तो सांगत होता आणि व्हिसाही भराभर मिळाला होता. आल्यावर कळलं की व्हिसा देणारे वेगळे आणि डॉक्टरकी करू देणारे वेगळे. नवऱ्याला सगळ्या परीक्षा पुन्हा द्यायच्या होत्या. तोवर तो ऑकलंडमधल्या ओटाहुहुच्या एका बेकरीत पहाटे पावाचे ट्रे उचलत होता. माझं त्या मानानं सोपं होतं. लेखी परीक्षा झाली होती. नोंदणी झालेल्या एखाद्या फार्मासिस्टच्या देखरेखीखाली वर्षभर काम केलं की परवाना मिळणार होता. पण ऑकलंडमध्ये मला कुणी उभं करेना. चाळीसेक पत्रं लिहिली, त्यातून होकार आला तो एकच, उत्तर बेटाच्या मध्यावरच्या या गावातून.

"जा," नवरा म्हणाला होता. "वर्षाचाच तर प्रश्न आहे."

औषधांच्या दुकानाचे मालक साठी ओलांडलेले, उंच, किंचित वाकलेले गृहस्थ होते. पहिल्या दिवशी त्यांनी मला त्यांचा स्वतःचा जुना लोकरी कोट दिला. तो माझ्या घोट्यापर्यंत यायचा. मग त्यांनी मला शेल्फापुढे उभं केलं आणि त्यांच्या सावकाश इंग्रजीत एकच गोष्ट सांगितली. "या गावात निम्म्या लोकांची आडनावं तीन-चारच आहेत. सगळे एकमेकांचे चुलत, मावस, नाहीतर नुसतेच तेच आडनाव. म्हणून पाकीट देताना पूर्ण नाव वाचायचं, पत्ता विचारायचा आणि मगच हात पुढे करायचा. नेहमी." त्यांनी ते मला तीनदा म्हणायला लावलं. मी पदवीधर बाई, पुण्यात चार वर्षं काम केलेली. मला जरा अपमानच वाटला होता.

त्या गावात माझी पहिली ओळख झाली ती एका म्हातारीशी. अठ्ठ्याहत्तर वर्षांची, काटकुळी, ताठ पाठीची गोरी बाई. तिचा नवरा हयातभर त्या रस्त्याच्या दुरुस्तीवर होता. गावापासून वीस-बावीस किलोमीटरवर, वाळवंटाच्या कडेला, रस्ता-कामगारांसाठी बांधलेलं एक सुटं घर होतं. नवरा गेल्यावरही ती तिथेच राहिली. दर गुरुवारी जुनाट हिरवी गाडी चालवत गावात यायची. पायाला सूज यायची म्हणून अंगातलं पाणी उतरवणाऱ्या बारीक पांढऱ्या गोळ्या घ्यायची, सकाळी दोन. तिकडे सगळे सगळ्यांना नावानं हाक मारतात, पण मी मनातल्या मनात तिला आजीच म्हणायचे.

एकदा मी तिला विचारलं, "हे कसलं वाळवंट? इथे तर सारखा पाऊस पडतो."

"ऑकलंडपेक्षा जास्त पडतो," ती म्हणाली. "पावसाचा प्रश्नच नाही. इथे काही उगवायला लागलं, की तो त्याला पुरून टाकतो." आणि तिनं हनुवटीनं खिडकीबाहेरच्या डोंगराकडे दाखवलं, आपण शेजारच्या व्रात्य माणसाकडे दाखवतो तसं.

मला ते गमतीचं बोलणं वाटलं. डोंगर ज्वालामुखी आहे हे मला माहीत होतं, पण ते पुस्तकातलं. माझ्या दृष्टीनं तो बर्फाचा डोंगर होता आणि रविवारी तिथे ऑकलंडची माणसं स्कीइंगला जायची.

मग एका गुरुवारी सकाळी मी उठले आणि घरात उजेडच नव्हता. घड्याळात साडेसात. बाहेर आभाळ मळक्या तव्यासारखं झालं होतं. दोरीवर रात्री विसरलेला माझा दुकानात घालायचा पांढरा कोट राखाडी पडला होता. मी तो झटकला तर त्यातून धूळ उडाली, आणि तोंडात कचकच आली, दाताखाली वाळू आल्यासारखी. हवेला जळक्या काडेपेटीचा वास. मला वाटलं, कुणाच्या तरी घराला आग लागली. शेजारचा माणूस नाकातोंडावर रुमाल बांधून छपरावर चढला होता. तो वरून ओरडला, "डोंगर उठलाय! खिडक्या लाव!"

मी खिडक्या लावल्या आणि खाली बसले. राख पडते, हे मी भूगोलाच्या पुस्तकात वाचलं होतं. ती अशी, आवाज न करता, दुधाच्या बाटलीवर, पत्रपेटीवर, कुत्र्याच्या पाठीवर पडते हे कुठे लिहिलेलं नव्हतं. ज्या बाईला सकाळी अंगणात शेणसडा आणि रांगोळी बघायची सवय, तिला दारात एक बोट राखेचा थर बघून काय वाटेल? मला घरी जावंसं वाटलं. घर म्हणजे ओटाहुहुच्या दोन खोल्या नव्हे. घर.

पण दुकान होतं. नऊ वाजता उघडलं तेव्हा बाहेर वीसेक माणसं. दम्याचे पंप, डोळ्यांत घालायचे थेंब, तोंडावर बांधायचे मास्क. मालकांना स्वतःलाच दमा होता. त्यांच्या छातीतली शिट्टी मला काउंटरच्या या टोकाला ऐकू येत होती. दहाच्या सुमाराला शाळेतून फोन आला, दोन मुलांना श्वास घेता येत नाही. मालकांनी पंप आणि मास्क खोक्यात भरले.

"वीस मिनिटांत येतो. नवीन औषध काही भरू नकोस. मी तपासून ठेवलेली पाकिटं शेल्फावर आहेत, तेवढीच दे. बाकीच्यांना थांबव."

खरं तर मला एकटीला ठेवून जाणं नियमात बसत नव्हतं. ते त्यांना माहीत होतं आणि मलाही. पण मुलांना दम लागला होता. त्या क्षणी नियम कुणाच्या डोक्यात येणार?

सव्वादहाला म्हातारी आली. केसांवर, भुवयांवर राख. "रस्ता बंद करतायत," ती म्हणाली. "अर्ध्या तासात बॅरियर पाडणार. लवकर दे, पोरी." तिच्यामागे एक बाई मूल कडेवर घेऊन उभी होती, मूल खोकत होतं. मी शेल्फाकडे वळले. आडनाव वाचलं. पाकीट घेतलं. दिलं. तिनं ते खिशात घातलं आणि ती गेली.

एवढंच. हे लिहायला लागतो त्याहून कमी वेळ लागला असेल.

दोन वाजता टीरूमची बाई आली. ही त्या हमरस्त्यावरच्या टीरूममध्ये मीट-पाय, म्हणजे खिमा भरलेल्या पेस्ट्र्या, आणि सूप करायची. पंचेचाळीस वर्षांची, जाडजूड, माओरी, म्हणजे तिथल्या मूळच्या लोकांतली बाई. कायम हसतमुख. दुकानात शिरताना सगळ्यांना मोठ्यानं "किया ओरा", म्हणजे नमस्कार, म्हणायची. अकराला मी तिला तिचं म्हणून एक पाकीट दिलं होतं. आता तिनं ते काउंटरवर उपडं केलं. आतली तपकिरी बाटली घरंगळत माझ्या हातापाशी आली.

"डिअर, या माझ्या नाहीत," ती म्हणाली. "मी शुगरच्या घेते. आडनाव आमचंच आहे, पण नाव बघ."

मी नाव पाहिलं. म्हातारीचं नाव होतं.

पुढचं मला नीट सांगता येत नाही. औषधांच्या फ्रिजची घरघर एकदम फार मोठी ऐकू यायला लागली, एवढं आठवतं. ही बाटली इथे, तर मग या बाईच्या गोळ्या कुठे आहेत, हे गणित मला कळलं होतं, पण ते पूर्ण करायला मन तयार होत नव्हतं. साखर उतरवणाऱ्या गोळ्या. त्याही बारीक, पांढऱ्या. मधुमेह नसलेल्या, चहा-बिस्किटावर दिवस काढणाऱ्या, चाळीस किलोच्या म्हातारीच्या खिशात.

"ती दोन घेते," मी म्हणाले. मी मराठीत बोलले होते. टीरूमची बाई माझ्याकडे बघत राहिली. मग मी ते इंग्रजीत म्हटलं.

शाळेतून परतलेले मालक मागच्या खोलीतून आले. त्यांनी बाटली उचलली, वाचली आणि तिथल्या स्टुलावर बसले. रागावले नाहीत. नुसतं म्हणाले, "फोन लाव."

मी फोन लावला. तिकडे घंटा वाजत राहिली. मी तीस मोजल्या. पुन्हा लावला, पुन्हा तीस. गावची अँब्युलन्स गावकरीच चालवायचे. ती शाळेतल्या एका मुलाला घेऊन तासाभरावरच्या हॉस्पिटलला गेली होती. मालकांनी दुसरीकडची मागवली, पण ती येईपर्यंत किती वेळ लागेल कुणी सांगेना. डेझर्ट रोड बंद.

"मी जातो," मालक उठले आणि लगेच खोकत वाकले. त्यांच्या ओठांचा रंग मला आवडला नाही.

"तुम्ही नाही जाऊ शकत."

"बॅरियरवर माझाच माणूस आहे," टीरूमची बाई म्हणाली. तिचा नवरा रस्त्याच्या खात्यात होता. "सरकारी ट्रक आहे त्याच्याकडे. चल. तू चल."

निघण्याआधी मी ओटाहुहुला फोन केला. नवरा बेकरीतून येऊन अभ्यासाला बसलेला असणार. त्यानं उचलला.

"अरे, माझ्या हातून..." एवढंच मी बोलू शकले. मग एका दमात सगळं सांगितलं.

त्याचा आवाज बदलला. देश सोडल्यापासून मी तो आवाज ऐकलाच नव्हता. वॉर्डातला आवाज.

"रडू नकोस. ऐक. लिहून घे. ग्लुकोज ने, मध ने. शुद्धीवर असेल तर घोटघोट पाज. गिळत नसेल तर तोंडात काही ओतायचं नाही, कळलं? कुशीवर वळवायचं, बोटानं गालाच्या आत चोळायचं, थोडं थोडं. आणि नीट ऐक. उठून बसली, बोलायला लागली, तरी तिला सोडायचं नाही. त्या गोळीचा असर दिवसभर राहतो. साखर पुन्हा उतरेल. हॉस्पिटलला पोचेपर्यंत देत राहायचं."

"आणि उशीर झाला असेल तर?"

"निघ," तो म्हणाला. "आत्ता निघ."

टीरूमच्या बाईचा नवरा ठेंगणा, अबोल माणूस होता. बायकोनं त्याला खिडकीतून चार वाक्यांत सगळं सांगितलं. त्यानं माझ्याकडे एकदा पाहिलं, बॅरियर उचलला आणि ट्रकचं दार उघडून दिलं. ती मागे राहिली, तिच्या जागी बॅरियर धरायला.

त्या रस्त्यावरून मी आधी अनेकदा गेले होते. त्या दिवशी मला काही ओळखू येईना. दोन्ही बाजूंचं पिवळं उंच गवत राखेखाली वाकलेलं, विजेचे खांब धुरकट, पुढे पन्नास पावलांपलीकडे काहीच नाही. वायपर लावला की काचेवर करकर ओरखडे उठत, न लावला तर दिसत नसे. तो ताशी तीसनं चालवत होता. मला ओरडावंसं वाटत होतं, पण त्याच्या हातांकडे पाहिल्यावर मी गप्प बसले. एका ठिकाणी त्यानं एकदम ब्रेक दाबला. रस्त्यावर घोडे उभे होते. तिथले रानघोडे, सात-आठ. एरवी माणसाची चाहूल लागली की उधळणारे. आता ते वाऱ्याला पाठ करून, माना खाली घालून उभे होते. पाठीवर राखेचा जाड थर. दगडाचे असावेत तसे. त्यानं हॉर्न वाजवला, एकानेही कान हलवला नाही. शेवटी तो खाली उतरला, एकाच्या मानेवर हात ठेवून काहीतरी बोलला आणि त्यांना हळूहळू बाजूला घेतलं. मी घड्याळ पाहत होते. चार मिनिटं गेली.

घराचं मागचं दार उघडंच होतं. ती स्वयंपाकघरात जमिनीवर बसली होती, कपाटाला टेकून, पाय पसरून. एका पायात चप्पल. अंग घामानं निथळत होतं आणि खोलीत तर गारठा होता. डोळे उघडे. टेबलावर तपकिरी बाटली, तिचं झाकण बाजूला, शेजारी गार झालेला चहा. बिस्किटाचा पुडा फोडलेलाही नव्हता.

"मी आलेय," मी म्हणाले.

तिनं माझ्याकडे पाहिलं आणि कुणा दुसऱ्याच माणसाला म्हणाली, "मेंढ्या आत घेतल्यास का?" मग तिची मान कलली.

मी आयुष्यात कुणाला सुई टोचली नव्हती, कुणाची नाडी नीट पाहिली नव्हती. माझं काम काउंटरच्या अलीकडचं. मी तिचं डोकं मांडीवर घेतलं आणि तिला कुशीवर केलं. मध बोटावर घेऊन गालाच्या आत चोळायला लागले. तिचे दात माझ्या बोटावर घट्ट मिटले. दुखलं. मला त्या दुखण्यानं बरं वाटलं, कारण दात मिटतायत म्हणजे ती आहे. मी सारखी काहीतरी बोलत होते. नंतर तो माणूस म्हणाला, तू तुझ्या भाषेत बोलत होतीस. मला शब्द आठवत नाहीत. "आजी, उठा. आजी, उठा ना," असंच काहीतरी असणार. तिला कधीही उघडपणे आजी म्हटलं नव्हतं, ती पहिली वेळ.

किती वेळ गेला कोण जाणे. तो दारात उभा राहून टोपी हातात चुरगाळत होता. मग म्हातारीनं गिळलं. एक घोट. मला तिच्या गळ्याची हालचाल दिसली. मी ग्लुकोज पाण्यात कालवलं आणि चमच्यानं पाजायला लागले. दहा-बारा चमच्यांनंतर तिनं डोळे फिरवून खोलीभर पाहिलं, मग माझ्याकडे.

"केमिस्टकडची पोरगी," ती म्हणाली. "तू इथे काय करतेस?"

मला रडू फुटलं. पण मी हात थांबवला नाही.

तिला ट्रकमध्ये आम्हा दोघांच्या मध्ये बसवलं, ब्लँकेटात गुंडाळून. ती बोलत होती, चिडतही होती, "मला कुठे नेताय, मी ठीक आहे," म्हणत होती. मला वाटलं, संपलं, वाचली. आणि अर्ध्या वाटेत ती बोलता बोलता गप्प झाली. मी वळून पाहिलं तर तिच्या वरच्या ओठावर पुन्हा घामाचे थेंब. नवऱ्यानं सांगितलं होतं, तरी एकदा परत आणलेलं माणूस पुन्हा हातातून निसटतंय, हे मला सहनच होईना. ट्रक हलत होता, चमचा सांडत होता. शेवटी मी चमचा टाकला आणि बोटंच साखरेत बुडवून तिच्या तोंडात घातली. बॅरियरपाशी अँब्युलन्स उभी दिसली तेव्हा माझा हात कोपरापर्यंत चिकट झाला होता.

ती दोन रात्री हॉस्पिटलमध्ये होती. तिला घरी सोडायच्या दिवशी मी तिकडच्या बसनं गेले. मालक म्हणाले होते, मी बोलतो तिच्याशी. मी नको म्हणाले. ती पलंगावर कपडे घालून तयार बसली होती. मी उभ्यानंच सांगितलं. पाकीट मी दिलं. आडनाव वाचलं, नाव वाचलं नाही. पत्ता विचारला नाही. चूक माझी.

मला वाटत होतं, ती म्हणेल, असू दे. आपल्याकडच्या म्हाताऱ्या बाया असंच म्हणतात. शिवाय मी तिला वाचवलं होतं, हेही माझ्या मनात कुठेतरी होतंच. खोटं कशाला बोलू?

ती खिडकीबाहेर पाहत म्हणाली, "चाळीस वर्षं मी तिथे राहते. बर्फात, राखेत, नवरा सहा-सहा दिवस रस्त्यावर असताना. मला कधी भीती वाटली नाही. परवा वाटली. मला माझं स्वतःचं स्वयंपाकघर ओळखू येईना." मग म्हणाली, "आता जा."

मी उभीच होते.

"जा म्हटलं ना."

परतीच्या बसमध्ये मी काचेला डोकं टेकून बसले होते. तिच्या रागाचा मला एवढा धक्का का बसावा, हे मला त्या वेळी कळलं नाही. आता कळतं. मी तिथे माफी मागायला गेले नव्हते, माफी घ्यायला गेले होते.

मालकांनी नियमाप्रमाणे सगळं परवाना देणाऱ्या मंडळाला कळवलं. स्वतःच्या पत्रात त्यांनी लिहिलं, "देखरेखीची जबाबदारी माझी होती आणि मी दुकान सोडून गेलो." ते त्यांनी मला वाचून दाखवलं. मी म्हटलं, "पण पाकीट मी दिलं." ते म्हणाले, "ते तू तुझ्या पत्रात लिही. माझ्या पत्रात माझं." दुसऱ्या दिवशी मी घरीच बसून राहिले तर ते दारात आले आणि म्हणाले, "नऊ वाजले." गावात सगळ्यांना कळलं होतं. मी काउंटरवर उभी राहिले. लोक यायचे, मी पूर्ण नाव वाचायचे, पत्ता विचारायचे. कुणी काही बोललं नाही. ते न बोलणं रोज नव्यानं अंगावर यायचं. टीरूमची बाई मात्र पूर्वीसारखीच मोठ्यानं "किया ओरा" म्हणत यायची, आणि एकदा तिनं मला नको नको म्हणत असताना गरम मीट-पाय हातात कोंबला. "तू वाळलीयेस," एवढंच म्हणाली.

नवऱ्याला मी फोनवर सांगितलं, मला परत जायचंय, पुण्याला. तो म्हणाला, "तुझ्या चौकशीचा निकाल येऊ दे. मग जाऊ दोघंही." निकाल यायला तीन महिने लागले. मालकांना लेखी समज मिळाली, त्यांच्या आयुष्यातली पहिली. मला सहा महिने जास्त काम करायला सांगितलं होतं. परवान्याची वाट बंद होणार नव्हती. ते पत्र मी हातात धरून मागच्या खोलीत किती तरी वेळ बसले. सुटका झाल्यासारखं काहीच वाटत नव्हतं.

म्हातारी त्या काळात आमच्या दुकानात आलीच नाही. तिची औषधं दुसऱ्या गावाहून येत होती. तिची हिरवी गाडी पेट्रोल पंपावर दिसली की मी काउंटरमागे खाली वाकून खोटंच काहीतरी शोधायचे.

वसंत लागला. डोंगर शांत झाला होता. एका गुरुवारी दुपारी दार वाजलं आणि ती आत आली. दुकानात आम्ही दोघीच. मालक मागे. तिनं प्रिस्क्रिप्शन काउंटरवर ठेवलं, मी औषध भरलं. मालकांनी तपासून सही केली आणि माझ्याकडे न बघता मागे निघून गेले. मी पाकीट पुढे केलं. तिनं ते घेतलं नाही.

"वाच," ती म्हणाली.

मी वाचलं. तिचं पूर्ण नाव. पत्ता. औषधाचं नाव. सकाळी दोन गोळ्या.

"मोठ्यानं."

मी पुन्हा वाचलं. बाटली उघडून गोळ्या तळहातावर घेऊन दाखवल्या. तिनं चष्मा लावून त्या पाहिल्या. मग पाकीट घेतलं, खिशात घातलं आणि निघाली. आभार नाहीत, हसू नाही. दर महिन्याला हेच. ती यायची, म्हणायची, "वाच," आणि मी दुकानभर ऐकू जाईल अशा आवाजात वाचायचे. एकदा रांगेत सहा माणसं होती तेव्हाही. पहिल्यांदा मला ती शिक्षा वाटली. पाच-सहा महिन्यांनी लक्षात आलं की दुसऱ्या गावाहून औषधं घरपोच मिळू शकत असताना ही बावीस किलोमीटर गाडी चालवत इथे येते.

तिनं मला माफ केलं का, मला माहीत नाही. तो शब्द आमच्यात कधी आला नाही. एकदा नुसतं म्हणाली, "त्या दिवशी मध कुठला होता? फार गोड होता," आणि मी उत्तर देण्याआधी दार ओढून गेली.

नवरा दुसऱ्या खेपेला पास झाला. त्याला हॉस्पिटलात काम मिळालं आणि मी ऑकलंडला परत आले. आता आमचं घर तिथल्याच फ्लॅट बुश उपनगरात आहे आणि मी शेजारच्या बॉटनी डाउन्सच्या एका दुकानात काम करते. तिथे दिवसाला एवढी पाकिटं जातात की त्या गावात महिन्यालाही गेली नसतील. दोन एकसारखी पाकिटं शेजारी दिसली की अजूनही मी दोन्हींवरची पूर्ण नावं पुन्हा वाचते. सोबतच्या मुली हसतात, "चिल, ऑल गुड," म्हणतात. मी पत्ता विचारते.

आल्यावर महिन्याभरानं मी मालकांना फोन केला होता. इकडचं तिकडचं झाल्यावर मी विचारलं, म्हातारी येते का?

"येते ना," ते म्हणाले. "आता मला वाचायला लावते. परवा मी चष्मा घरी विसरलो होतो, तर म्हणाली, जा, घेऊन ये, मी थांबते."

"मग?"

"मग काय. गेलो," ते म्हणाले. "भर पावसात."